ध्रुवविद्या व वऱ्हाडचा वाचक

ध्रुव हे नाव मराठी घरात कोणालाही परके नाही. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठविलेल्या त्या बालकाची कथा आजीच्या तोंडून ऐकली नाही असे मूल आजही विरळा. विवाहविधीत नववधूस ध्रुव दाखविण्याचा प्रघात अजून टिकून आहे. आणि ‘अढळपद’ हा शब्द तर पुराणातून उठून राजकारणावरील अग्रलेखांत येऊन बसला आहे. ताऱ्याशी इतका परिचय असूनही त्या ताऱ्याखाली जो भूप्रदेश पसरला आहे, त्याविषयी मराठीत वाचण्याजोगे काय आहे असे कोणी विचारल्यास भल्याभल्यांस अडखळावे लागते. ह्या अडखळण्याचे कारण शोधावे, आणि त्यात आपले काही नुकसान होत आहे काय हे पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ध्रुवप्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, त्यांनी लोकांपुढे ठेवलेली साधने आणि तद्विषयक मराठी वाङ्मय ह्यांचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत, आणि तेही यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून. समुद्रापासून इतका दूर आणि बर्फ केवळ रसवंतीत पाहणारा हा कापसाचा मुलूख ह्या कामी का निवडला, अशी शंका वाचकांस येईल. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच सांगतो की, ध्रुवावरील घडामोडींशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे अशा लोकांत वणी-पांढरकवड्याचा कास्तकार पहिल्या रांगेत बसतो. आणि ज्यांच्यापर्यंत ही विद्या पोहोचलेली नाही अशांच्याही पहिल्या रांगेत तोच आहे.

मराठी माणसाने ध्रुवाविषयी लिहिलेल्या ग्रंथांत सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ लोकमान्य टिळकांचा. ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ हा त्यांचा ग्रंथ १९०३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. वैदिक ऋषींचे पूर्वज उत्तर ध्रुवाच्या आसमंतात राहत होते आणि हिमयुगाच्या आक्रमणामुळे त्यांस तो प्रदेश सोडावा लागला, हा त्यातील सिद्धांत सर्वश्रुत आहे. आजचे भूशास्त्र व पुरातत्त्व ह्या सिद्धांतास मान्यता देत नाहीत. तथापि टीकाकाराने निष्कर्षाबरोबर रीतीकडेही पाहावयाचे असते, आणि त्या दृष्टीने हा ग्रंथ आजही आदरास पात्र आहे. ध्रुवबिंदूवर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो व एकदाच मावळतो, तेथील उषा कित्येक आठवडे क्षितिजावर फिरत राहते, तारे न उगवता न मावळता डोक्याभोवती चक्राकार हिंडतात, ही लक्षणे टिळकांनी जितक्या काटेकोरपणे मांडली आहेत तितक्या काटेकोरपणे ती मांडणारे भारतीय लेखक आजही थोडे. त्यांच्या काळी हिमयुगाच्या कालनिर्णयाविषयी युरोपीय व अमेरिकी भूशास्त्रज्ञांत वाद चालू होता; तो त्यांनी लपविला नाही, दोन्ही पक्ष वाचकांपुढे ठेवून मग आपला पक्ष निवडला. त्यांचा पक्ष पुढे टिकला नाही, पण ताजे शास्त्र वाचून, तोलून, मग लिहावयाचे ही शिस्त त्यांच्या पानापानांवर दिसते.

परंतु ह्या ग्रंथाचे दोन परिणाम असे झाले की त्यांची दखल घेतलीच पाहिजे. पहिला हा की, मराठी माणसाचा ध्रुवावरील सर्वश्रेष्ठ ग्रंथ इंग्रजीत अवतरला. जगातील पंडितांशी वाद घालावयाचा होता, म्हणून ते योग्यच होते. मात्र ध्रुवाविषयी गंभीर लिहिणे म्हणजे इंग्रजीतच लिहिणे, हा पायंडा तेव्हापासून पडला. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. आम्हां मराठी वाचकांच्या मनात ध्रुवाचा संबंध पूर्वजांशी व अभिमानाशी जडला. ध्रुव म्हणजे सहस्रावधी वर्षांपूर्वी सोडून आलेले घर! आपल्या आजच्या शेताशी, आजच्या नदीशी त्याचा काही संबंध असेल हे मनात येण्यास जागाच उरली नाही.

त्यानंतरचे मराठी वाङ्मय पाहावे तर त्यात कष्टाचे काम झालेले नाही असे कोणी म्हणू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाने ‘अंटार्क्टिका’ व ‘आर्क्टिक’ ह्या विषयांस आपल्या प्रारंभीच्या खंडांत स्थान दिले. मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, आणि पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक तर १९२८ पासून, शास्त्रीय विषय मराठीत आणण्याची खटपट करीत आले आहेत. ह्या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण कोशाला कोशाच्या मर्यादा असतात. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला आणि भारताचे पहिले पथक अंटार्क्टिकावर १९८२ साली उतरले. अर्थात त्या छापील खंडात आपल्या देशाचा ध्रुवीय इतिहास असणे शक्यच नव्हते. आता ज्ञानमंडळांच्या द्वारे जुन्या नोंदींत भर पडत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही कोशातील नोंद ही अभ्यासाची पहिली पायरी आहे. वाचकाच्या मनात विषयाविषयी भूक उत्पन्न करावयाची, तर निबंध, चरित्र, प्रवासवर्णन व टीका ही वाङ्मयाची इतर दालने उघडावी लागतात.

आणि ह्या दालनांत ठेवण्याजोगी सामग्री आपल्या दाराशी पडून आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली. नॉर्वेकडून भाड्याने घेतलेले ‘पोलर सर्कल’ नावाचे जहाज, डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांचे नेतृत्व, एकवीस माणसे. आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमखंडावर तिरंगा फडकला. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला व त्याच वर्षी त्यास सल्लागार सभासदाचा, म्हणजे निर्णयात मत देण्याचा, अधिकार मिळाला. त्याच सुमारास ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले स्थानक उभारले गेले. ते बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने १९९० साली सोडावे लागले. तत्पूर्वी १९८९ मध्ये खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ उभी राहिली होती व २०१२ मध्ये ‘भारती’ हे तिसरे स्थानक सुरू झाले. उत्तरेकडे स्वालबार बेटांवर ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून चालू आहे. ह्या सर्व कार्याची सूत्रे जेथून हलतात ते राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यातच, वास्को-द-गामा येथे, १९९८ साली स्थापन झाले. दक्षिण ध्रुवखंडातून खणून आणलेल्या बर्फाचे दंडगोल शून्याखालील थंडीत जपून ठेवणारी प्रयोगशाळा मराठी व कोंकणी बोलणाऱ्या गावाच्या टेकडीवर आहे, हे आमच्या किती पदवीधरांस ठाऊक आहे?

माणसांचीही वाण नाही. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी डॉ. अदिती पंत ह्या नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातील अप्पा पंत ह्यांच्या कन्या. पुण्यात पदवी घेऊन त्या हवाई व लंडन येथे शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी जीवशास्त्राच्या संशोधक झाल्या. त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. विदर्भाच्या राजधानीत जन्मलेली एक बाई त्या शुभ्र खंडावर जाऊन समुद्रातील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करते, ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या भाषेत घडली असती तर शाळेच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात आली असती.

आता ह्या संस्थांच्या साधनांविषयी. ध्रुवविद्येचा हा एक विशेष सांगण्याजोगा आहे की, ती आपली तिजोरी उघडी ठेवते. अंटार्क्टिक कराराने १९५९ सालीच असे ठरविले की त्या खंडावरील निरीक्षणे सर्व राष्ट्रांनी परस्परांस मोकळेपणी द्यावी. १९५८ मध्ये स्थापन झालेली अंटार्क्टिक संशोधनाची शास्त्रीय समिती आणि १९९० मध्ये स्थापन झालेली उत्तर ध्रुवाची आंतरराष्ट्रीय समिती ह्या दोहोंचा भारत सभासद आहे. अमेरिकेत बोल्डर येथील हिमसंशोधन केंद्र उत्तर समुद्रावरील बर्फाचा नकाशा रोजच्या रोज प्रसिद्ध करते व १९७९ पासूनचे उपग्रहांचे मोजमाप कोणासही विनामूल्य देते. गोव्याच्या केंद्रातही ध्रुवीय माहितीचे राष्ट्रीय भांडार आहे. हवामानबदलाचा आढावा घेणारे आंतरशासकीय मंडळ १९८८ साली निर्माण झाले. महासागर व हिमावरण ह्यांवरील त्याचा विशेष अहवाल २०१९ चा आहे. आपल्या देशापुरता असा आढावा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील विद्वानांनी २०२० साली प्रसिद्ध केला. ही सर्व साधने उघडी आहेत; पण ती इंग्रजीत, आणि कोठे कोठे हिंदीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, ह्यात त्यांचा दोष नव्हे. मात्र आठ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेत ह्या अहवालांचे सार उतरविण्याचे काम न्यूयॉर्क वा जिनिव्हाच्या लोकांनी करावे, अशी अपेक्षा आपणही करू नये.

येथे कोणी विचारील, यवतमाळच्या वाचकास ह्या साराचे काय प्रयोजन? ह्या प्रश्नाचे उत्तर त्या जिल्ह्याच्या दगडातच लिहिलेले आहे. यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन पैनगंगा वर्धेस मिळते. ह्या संगमाच्या परिसरात, चांद्यापासून सुमारे दहा मैलांवर, इरई नावाच्या गावाजवळ पैनगंगेच्या पात्रातील चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला व त्यावर समांतर ओरखडे उमटलेले भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या फेडन नामक अधिकाऱ्यास आढळले. त्याचे वृत्त १८७५ साली प्रसिद्ध झाले. असे ओरखडे पाण्याने पडत नाहीत; बर्फाच्या प्रचंड थराने पोटात दगडगोटे घेऊन खडकावरून सरकत जावे तेव्हाच ते पडतात. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते, तो महाखंड दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता, आणि आजच्या वणी-चांद्याच्या भूमीवर हिमस्तर पसरला होता. त्या महाखंडास जगातील शास्त्रज्ञ ‘गोंडवन’ म्हणतात. आमच्या गोंड बांधवांचे नाव भूगर्भशास्त्राच्या जागतिक कोशात असे अजरामर झाले आहे, आणि पांढरकवड्याच्या शाळेत शिकणाऱ्या गोंड मुलास ते बहुधा कोणी सांगत नाही!

बर्फ ओसरल्यावर त्याच भूमीवर दलदली झाल्या, झाडी माजली, ती गाडली गेली व तिचा कोळसा झाला. वणीभोवती उकणी, निलजई येथील खाणींतून निघतो तो हा कोळसा. त्या काळच्या झाडांत ‘ग्लॉसोप्टेरिस’ नावाचा, जिभेच्या आकाराच्या पानांचा वृक्ष मुख्य होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही चालू आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर-कामठीच्या परिसरात अशा शिलापर्णांचा संग्रह केला. पुढे १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे पस्तीस पौंड दगड सापडले. मरणोन्मुख अवस्थेतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ह्याच ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. ज्या वृक्षाची पाने कामठीच्या दगडात आहेत, त्याचीच दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर आहेत, ह्याहून अधिक अद्भुत कथा कोणता कादंबरीकार रचू शकेल? टिळकांनी ध्रुवावर आपल्या पूर्वजांचे घर शोधले. ते घर तेथे मिळाले नाही. पण आपल्या पायांखालची जमीनच एके काळी ध्रुवप्रदेशात होती, हे मात्र सिद्ध झाले.

दगडाची साक्ष झाली, आता पावसाची. १८७६-७८ च्या घोर दुष्काळानंतर सरकारला पावसाचे भाकीत हवे होते. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड ह्यांनी हिमालयावरील हिवाळी बर्फाचे टिपण तपासले व १८८४ साली असे प्रतिपादन केले की, बर्फ अधिक व उशिरापर्यंत राहिल्यास पुढचा पावसाळा दुबळा होण्याचा संभव असतो. ह्या पायावर १८८६ पासून नियमित भाकिते निघू लागली. हेच ब्लॅनफोर्ड तरुणपणी, १८५६ च्या सुमारास, ओडिशातील तालचेर येथे प्राचीन हिमयुगाच्या खुणा प्रथम ओळखणाऱ्या मंडळींत होते. म्हणजे भारतातील पावसाचे भाकीत जन्मले तेच मुळी बर्फाच्या अभ्यासातून, आणि बर्फ ओळखण्यास शिकलेल्या माणसाच्या हातून. तो धागा आजही तुटलेला नाही. पुण्याहून तयार होणाऱ्या मोसमी पावसाच्या दीर्घ मुदतीच्या भाकितात उत्तर गोलार्धातील व युरेशियातील हिवाळी हिमाच्छादनाचा उल्लेख असतो. वर्तमानपत्रांत मात्र ‘यंदा पाऊस इतके टक्के’ एवढाच मथळा उतरतो. कारणांचा परिच्छेद कात्रीखाली जातो.

ह्यापुढचे पाऊल नुकतेच पडले आहे. गोव्याच्या केंद्रातील संशोधकांनी नॉर्वेतील विद्वानांच्या साहाय्याने २०२१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उत्तर रशियालगतच्या कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी राहिल्यास वरच्या वातावरणात जी लाट उत्पन्न होते, तिचा परिणाम आशियापर्यंत पोहोचून मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरात, अतिवृष्टीस अनुकूल स्थिती होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे आहे. निबंधाच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ ह्या अर्थाचा शब्द घातलेला आहे, ही त्यांची सावधगिरी लक्षात घ्यावी. पण यवतमाळच्या शेतकऱ्यास सप्टेंबर म्हणजे काय, हे सांगावयास नको. सोयाबीन कापणीला आलेले आणि कपाशीला बोंडे लागलेली असताना तीन दिवस झड लागली, की शेंगांस कोंब फुटतात व बोंडे सडतात. वर्षाचे गणित तेथेच चुकते. पुण्याच्या २०२० मधील अहवालाप्रमाणे मध्य भारतात दिवसास १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच सुमाराच्या काळात देशाचा एकंदर मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पाऊस कमी, पण पडेल तेव्हा कोसळणारा! जुने लोक म्हणतात की नक्षत्रे बिघडली. शास्त्रज्ञ त्या बिघाडाची कारणे शोधीत आहेत, आणि त्या शोधाचा एक पल्ला उत्तर ध्रुवापर्यंत जातो.

विषय असा पोटाशी भिडणारा असता त्यावरील मराठी लेखन कसे आहे? येथे आम्हांस थोडे कठोर बोलणे भाग आहे. पहिला दोष शब्दांचा. ‘हिमनग’ म्हणजे समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर, ‘हिमनदी’ म्हणजे भूमीवरून सरकणारा बर्फाचा प्रवाह, ‘हिमस्तर’ म्हणजे खंड झाकणारे बर्फाचे जाड आवरण, आणि ‘सागरी बर्फ’ म्हणजे समुद्राचेच पाणी गोठून आलेली साय. हे चार शब्द आपल्याजवळ आहेत. तरी दैनिकांच्या स्तंभांत ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी प्रत्यक्ष फारशी वाढत नाही, कारण पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा आधीच घेतलेली असते. अंटार्क्टिकाचा हिमस्तर मात्र सर्व वितळला, तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, एवढे पाणी त्यात आहे. शब्दांत घोळ झाला की वाचकाच्या मनात कारणपरंपरेचा घोळ होतो, आणि मग ‘हे सारे शास्त्रज्ञांचे बागुलबुवे आहेत’ असे म्हणणाऱ्याचे फावते.

दुसरा दोष निश्चिततेच्या मापाचा. आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत शब्दांस अंक बांधून दिलेले आहेत. ‘संभवनीय’ म्हणजे शंभरात निदान सहासष्ट, ‘अत्यंत संभवनीय’ म्हणजे निदान नव्वद, ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे नव्याण्णव किंवा अधिक. मराठीत येताना ही सर्व माणिके एकाच ‘होणार’ ह्या क्रियापदाच्या उखळात कुटली जातात. वास्तविक ‘संभव’, ‘बहुधा’, ‘प्रायः’, ‘बहुतेक निश्चित’, ‘निःसंशय’ अशी पायऱ्यांची शिडी आपल्या भाषेत सिद्ध आहे. न्यायशास्त्राची परंपरा असलेल्या भाषेस अनुमानाचे तारतम्य कोणी शिकविण्याची गरज नाही. तिचा वापर करण्याचे कष्ट तेवढे घेतले पाहिजेत. कालचे ‘होणार’ आज झाले नाही, की वाचकाचा विश्वास उडतो. आणि एकदा उडालेला विश्वास खऱ्या इशाऱ्याच्या वेळी परत येत नाही.

तिसरा दोष दृष्टीचा, आणि आमच्या मते तो सर्वांत मोठा. मराठी लेखक ध्रुवाकडे आश्चर्य म्हणून पाहतो: सहा महिन्यांची रात्र, पेंग्विनांची रांग, ध्रुवीय अस्वल. आश्चर्य वाईट नव्हे. बालवाचकास ते हवेच. पण आश्चर्यापुढे विचार गेला पाहिजे. १९८० च्या सुमारास उत्तर समुद्रावरील बर्फाचा सप्टेंबरातील विस्तार सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास होता, तो २०१२ साली सुमारे चौतीस लाखांवर आला. हे आकडे नुसते छापले तर डोळ्यांवरून निघून जातात. तेवीस महाराष्ट्रांएवढा बर्फ होता तो अकरा महाराष्ट्रांएवढा उरला असे लिहिले, की यवतमाळचा वाचक थांबतो. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागील आठ लाख वर्षांची हवा शास्त्रज्ञांनी तपासली. त्या सबंध काळात दहा लाख भागांत कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण तीनशेच्या आसपासच थांबत आले. २०२४ साली ते ४२० च्या वर होते. हा वायू कोळसा जाळल्याने वाढतो, आणि कोळसा तर वणीचा शेजारी! वणीच्या कोळशाने जग तापले असे म्हणणे हास्यास्पद होईल. मोठा भार युरोप-अमेरिकेच्या व अलीकडे चीनच्या भट्ट्यांचा आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यात वाटा जवळजवळ नाही. पण एकाच तालुक्यात प्राचीन बर्फाचे ओरखडे, त्यावरचा कोळसा व त्याच्यावर पावसाकडे डोळे लावून उभी कपाशी, असा हा तिहेरी ग्रंथ उघडा पडलेला असता आमच्या लेखकांनी पेंग्विनांच्या वर्णनात रमावे, ह्यास काय म्हणावे?

दोन आक्षेप येतील. त्यांचा विचार केल्यावाचून लेख पुरा होणार नाही. पहिला असा की, ज्यास हे वाचावयाचे आहे तो इंग्रजीत वाचील; मराठीचा आग्रह कशास? आमचे उत्तर असे की, ज्या घरातील एकच मुलगा इंग्रजी वाचतो त्या घरात ज्ञान एका माणसाचे राहते, घराचे होत नाही. पेरणी कधी करावी, दुबार पेरणीचा धोका पत्करावा काय, पीक बदलावे काय, हे निर्णय बाप, चुलता, आई अशा बैठकीत होतात, आणि त्या बैठकीची भाषा वऱ्हाडी मराठी आहे. हवामान खात्याने २०१९ साली काढलेले ‘मेघदूत’ हे साधन शेतकऱ्यास मराठीतून चार-पाच दिवसांचा अंदाज व सल्ला देते. कालिदासाचे नाव सार्थ करणारा हा उपक्रम स्तुत्य होय. पण ते साधन ‘काय होईल’ सांगते. ‘का होईल’ हे सांगण्याचे काम वाङ्मयाचे आहे. कारण समजल्यावाचून मिळालेला सल्ला हुकमासारखा वाटतो, आणि हुकूम चुकला की मनुष्य पुन्हा दैवाकडे वळतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकऱ्यास भाव हवा, पाणी हवे, कर्जाची सोय हवी. त्यास ध्रुवाच्या गोष्टी सांगणे ही थट्टा आहे. ह्या आक्षेपातील सत्य आम्हांस पूर्ण मान्य आहे. यवतमाळातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे खापर वितळत्या बर्फाच्या माथी फोडणे म्हणजे माणसांस जबाबदारीतून मोकळे करणे होय. परंतु भावासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्यास पावसाच्या बदलाचे ज्ञान नको, हे त्यावरून निघत नाही. उलट विमा, नुकसानभरपाई, तलाव, बियाणे ह्या प्रत्येक मागणीच्या मुळाशी ‘पाऊस बदलला आहे’ हे प्रमेय आहे, आणि ते ज्यास पुराव्यानिशी मांडता येते त्याचे गाऱ्हाणे ऐकणे सरकारला भाग पडते. अज्ञानी मनुष्य दयेची याचना करतो. माहितगार मनुष्य हक्क सांगतो.

यवतमाळ नगरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले: १९७३ साली ग. दि. माडगूळकर ह्यांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. मराठी साहित्याने त्या दिवशी दुःखास व्यासपीठ दिले, ह्याबद्दल त्याचा गौरवच केला पाहिजे. पण दुःख वर्णन करणे हे साहित्याचे अर्धे काम होय. दुःखाच्या कारणांचे ज्ञान त्याच भाषेत देणे हे उरलेले अर्धे. करुणरसात आमचे साहित्य संपन्न आहे. शास्त्रीय गद्यात ते अजून कोरडवाहू आहे.

काय करता येईल, हे सांगितल्यावाचून नुसती टीका करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गोव्याच्या केंद्राने व पुण्याच्या संस्थेने आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या अहवालाबरोबर आठ-दहा पानांचे मराठी सार प्रसिद्ध करावे; ज्या सार्वजनिक पैशावर ह्या संस्था चालतात त्यात मराठी करदात्याचाही वाटा आहे. विद्यापीठांनी ध्रुवीय व हवामानविषयक परिभाषेचा एक छोटा कोश तयार करून तो दैनिकांच्या संपादकांस घरपोच द्यावा. मोहिमांवर जाऊन आलेल्या मराठी शास्त्रज्ञांनी आपली प्रवासवर्णने लिहावी. त्यात वाङ्मयीन अलंकार नसले तरी चालेल, पाहिलेले नीट सांगितले की पुरे. आणि वणी, मारेगाव, झरी येथील शाळांतील शिक्षकांनी उन्हाळ्यात, नदी आटलेली असता, मुलांस पैनगंगेच्या काठी न्यावे. जवळच्या खाणीतील कोळशाचा एक तुकडा त्यांच्या हाती द्यावा व सांगावे की, पुस्तकात ज्याचे चित्र पाहता तो हिमस्तर एकदा येथे होता, हा कोळसा त्याच्या नंतरचा आहे, आणि तुमच्या बापाच्या शेतावर पडणारा पाऊस अजूनही दूरच्या बर्फाशी बांधलेला आहे.

टिळकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ध्रुवावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्याजवळ उपग्रह नव्हते, बर्फाचे दंडगोल नव्हते, गोव्याचे केंद्र नव्हते. होती ती जिज्ञासा, मेहनत आणि ताज्या शास्त्राविषयी आदर. आज साधने सर्व आहेत, आणि बहुतेक विनामूल्य आहेत. त्यांच्या निष्कर्षाचा अभिमान बाळगण्यापेक्षा त्यांच्या रीतीचे अनुकरण करणे हे त्यांच्या स्मृतीस अधिक शोभेल. ते अनुकरण ह्या वेळी मराठीत व्हावे, आणि वऱ्हाडच्या कास्तकाराच्या ओसरीवर ते मोठ्याने वाचले जावे, एवढीच आमची इच्छा आहे.